फसवून गळ्यात मारलेला शेअर परत करताना : पार्श्वभूमी

‘आयपीओच्या आधी घ्या, दुप्पट होतील’ या बोलीवर घेतलेल्या, बाजारात अजून न आलेल्या (अनलिस्टेड) शेअरची कागदपत्रं घेऊन अंबड-सातपूरचा कारखानदार किंवा निफाडचा द्राक्षबागायतदार वकिलाकडे जातो, तेव्हा त्याचा एकच प्रश्न असतो: व्यवहार मोडता येईल का?

हक्क जुनाच आहे. करार कायदा 1872 चा. फसवून संमती घेतली असेल तर करार पाळायचा की मोडायचा, हे कलम 19 फसवल्या गेलेल्यावर सोडतं. शेअरच्या बाबतीत मात्र हा हक्क फार टिकत नाही. खरं काय ते कळल्यावरही लाभांश घेतला किंवा सभेत मत दिलं, तर तो गेला. 1866 मध्ये लंडनची एक वित्तसंस्था बुडाली. पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवलं की कंपनी अवसायनात, म्हणजे गुंडाळायला, निघाल्यावर भागधारकाला अंग काढून घेता येणार नाही, कारण आता धनकोंचा (कंपनीला कर्ज दिलेल्यांचा) हक्क उभा राहिला. फसलेल्यापेक्षा धनको बरा ठरला. आपल्याकडेही तेच धोरण चालत आलं.

खरा गुंता दाद कुठे मागायची याचा. कंपनीच्या सभासद नोंदवहीतलं नाव दुरुस्त करण्याचा अधिकार 1956 च्या कंपनी कायद्याने आधी उच्च न्यायालयाला दिला होता. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हा अधिकार दुरुस्तीपुरताच. मालकीचा किंवा फसवणुकीचा गंभीर वाद असेल तर दिवाणी दावा लावा. म्हणजे साक्षीपुरावे, उलटतपासणी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. मग 2013 चा कंपनी कायदा आला. कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या कक्षेतल्या विषयांना त्याच्या कलम 430 ने दिवाणी न्यायालयाची दारं बंद केली, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. इथवर ठीक. पण 2023 मध्ये त्याच न्यायालयाने दुरुस्तीचा अधिकार संक्षिप्त स्वरूपाचा, म्हणजे सविस्तर साक्षीपुराव्याविना निकाल देण्याचा, असल्याचं पुन्हा सांगितलं. मग गुंतागुंतीची फसवणूक सिद्ध करायची कुठे? कंपन्यांच्या वकिलांना ही संदिग्धता सोयीची आहे; आधी अधिकारक्षेत्रावरच दोन-चार तारखा जातात. नाशिककराला तर सीबीएसजवळचं जिल्हा न्यायालय सोडून पंचवटी एक्सप्रेसने न्यायाधिकरणाचं मुंबईचं खंडपीठ गाठावं लागतं. करार रद्द करून घेण्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षं, फसवणूक कळल्यापासून. चुकीच्या दारात घालवलेला वेळ वजा करून मिळावा म्हणून वेगळं भांडावं लागतं.

प्रॉस्पेक्टसमधल्या (शेअर विकताना कंपनी काढते त्या माहितीपत्रकातल्या) खोट्या विधानाबद्दल संचालकांकडून भरपाई मागण्याची सोय 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 35 मध्ये आहे. बाजार नियामक सेबीचा रस्ता अलीकडचा. डिसेंबर 2024 मध्ये त्याने एका छोट्या कंपनीचा सुमारे 45 कोटींचा आयपीओ शेअर बाजारातल्या नोंदणीआधीच अडवून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. त्यात कुणा एकट्याला फसवणूक सिद्ध करावी लागली नाही.

निफाडच्या त्या बागायतदाराचं तसं नाही. त्याने शेअर कंपनीकडून घेतलेलेच नसतात. मध्यस्थामार्फत जुन्या भागधारकाकडून घेतलेले असतात. त्यामुळे करार मोडायचा तर तो त्या विकणाऱ्याशी, आणि पैसेही त्याच्याकडूनच वसूल करायचे.