मॉन्स्टर-कलेक्टिंग आरपीजी खेळांमधील पोस्ट-गेम आणि रिप्ले व्हॅल्यू

काल्पनिक जीव पकडायचे, त्यांना वाढवायचे आणि त्यांच्याच बळावर लढत कथा पुढे न्यायची, अशा व्हिडिओ गेमना मॉन्स्टर-कलेक्टिंग आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ) म्हणतात. मुख्य कथा संपून श्रेयनामावली सरकून गेल्यावर जे खेळायला उरते तो पोस्ट-गेम. तोच खेळ पुन्हा पहिल्यापासून खेळावासा वाटायला लावणारे त्यात जे काही असते, ती त्याची रिप्ले व्हॅल्यू. इतर आरपीजींमध्ये पोस्ट-गेम बहुधा वरकड असतो. एखादी लपलेली गुहा, एखादा जास्त अवघड शत्रू. या प्रकारात तसे नाही. १९९६ साली जपानमध्ये गेम बॉयवर आलेल्या पोकेमॉन रेड आणि ग्रीनची कथा पूर्ण करायला सहा जीव पुरतात, पण पोकेडेक्स, म्हणजे पकडलेल्या जीवांची नोंदवही, भरायला दीडशे लागतात. पोस्ट-गेमचे मूळ या सहा आणि दीडशेमधल्या अंतरात आहे.

एका फेरीत न मिळणारे

रेड आणि ग्रीनची आखणीच अशी आहे की एका कार्ट्रिजवर, एकट्याने, संग्रह पूर्ण होतच नाही. सुरुवातीला तिघांपैकी एकच स्टार्टर, म्हणजे पहिला सोबती पोकेमॉन, मिळतो. पुढे दोन जीवाश्मांपैकी एकच उचलता येतो. हिटमॉनली हवा की हिटमॉनचॅन, हेही ठरवावे लागते. ईव्ही एकच मिळतो आणि त्याची रूपे तीन. एकान्स रेडमध्ये सापडतो, सँडश्रू सापडत नाही. जोडीच्या आवृत्तीत नेमके उलटे. हाँटरचा गेंगार व्हायचा तर तो लिंक केबलने दुसऱ्याच्या गेम बॉयवर पाठवावाच लागतो. निर्माते सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. केबलमधून एखादा किडा सरपटत पलीकडच्या यंत्रात जातो आहे, या चित्रातून खेळाची कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे.

न मिळणाऱ्या या गोष्टींची वजने सारखी नाहीत. एकान्स नसणे ही केवळ आवृत्तीची अडवणूक आहे; त्यासाठी कोणी सगळा खेळ पुन्हा खेळत नाही, दुसऱ्या खेळाडूशी ट्रेड, म्हणजे अदलाबदल, करून मोकळे होतात. स्टार्टरची निवड मात्र खेळाची चालच बदलते. आगीचा चारमँडर घेतला की पहिल्या जिममधल्या (पदकासाठी लढायच्या ठिकाणातल्या) ब्रॉकच्या दगडी पोकेमॉनपुढे घाम फुटतो, दुसऱ्या जिममध्ये मिस्टीचे पाणी आडवे येते. वनस्पतीचा बल्बासॉर घेतला की ही दोन्ही जिम अलगद पार होतात. दुसऱ्या फेरीची ओढ लागते ती अशा निवडीमुळे. नकाशा तोच, माणसे तीच, संवादही पाठ झालेले. पण बरोबरचे सहाजण वेगळे असले की कालची सोपी लढाई आज अवघड होते. रिप्ले व्हॅल्यू मोजायची तर खेळात किती शेवट आहेत हे पाहण्याऐवजी किती वेगवेगळ्या टीमनी तो खेळून होतो हे पाहावे, हे या प्रकाराला जास्त लागू पडते.

श्रेयनामावलीनंतर

पहिल्या पोकेमॉनचा पोस्ट-गेम आजच्या मानाने अगदी छोटा होता. सेरुलियन शहराजवळच्या गुहेच्या तोंडाशी एक माणूस उभा असतो आणि चॅम्पियन झाल्याखेरीज तो वाट सोडत नाही. आत, शेवटच्या तळावर, सत्तराव्या लेव्हलचा म्यूटू असतो. तो एकच. चुकून बेशुद्ध पडला किंवा आपण पळालो तर पुन्हा भेटत नाही. म्हणून त्याच्यासमोर उभे राहून आधी सेव्ह करायचे आणि मग बटण दाबायचे, हे त्या काळचा प्रत्येक खेळाडू करत असे. आणि दीडशे जीव पूर्ण झाल्यावर काय मिळायचे? सेलाडॉन शहरातल्या एका इमारतीत खेळ बनवणाऱ्या गेम फ्रीक कंपनीच्या कार्यालयातला माणूस एक प्रमाणपत्र दाखवतो. नवा जीव नाही, नवी जागा नाही. तरीही कितीतरी मुलांनी त्या एका कागदासाठी महिने घालवले.

१९९९ च्या गोल्ड आणि सिल्व्हरने या कल्पनेला एकदम मोठे केले. जोहटो प्रदेशाची आठ पदके आणि चॅम्पियनपद मिळवल्यावर जहाजाने आधीच्या खेळातल्या कांटोमध्ये जाता येते आणि तिथे आणखी आठ पदके असतात. शेवटी माउंट सिल्व्हरच्या गुहेत रेड उभा असतो, म्हणजे आधीच्या खेळातला आपणच. त्याचा पिकाचू ८१ व्या लेव्हलचा. तो बोलत नाही, नुसते टिंब-टिंब उमटतात आणि लढाई सुरू होते. जिंकल्यावर श्रेयनामावली दुसऱ्यांदा सरकते. पोस्ट-गेमने खेळाडूच्या स्वतःच्या आठवणीलाच शेवटचा प्रतिस्पर्धी बनवल्याचे याहून चांगले उदाहरण या प्रकारात नाही. दोषही सांगायला हवा. जोहटोचा चॅम्पियन लान्स याचा सर्वांत बलवान ड्रॅगोनाइट ५० व्या लेव्हलचा आहे आणि कांटोमधले जंगली पोकेमॉन तर फारच कमी लेव्हलचे. मधली तीस लेव्हलची चढण चढायची तर चॅम्पियनआधीच्या त्याच चार बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांना, म्हणजे एलिट फोरला, पुन्हा पुन्हा हरवत बसावे लागते. दुसरा प्रदेश दिला, पण तिथे वाढायला पुरेसे खाद्य दिले नाही.

त्यानंतरच्या वर्षी आलेल्या क्रिस्टलने बॅटल टॉवर आणला आणि पोस्ट-गेमची दुसरी वाट उघडली. इथे नवी जागा पाहायची नसते, आपल्या टीमची परीक्षा द्यायची असते. या वाटेचे शिखर २००४ च्या एमराल्डमधले बॅटल फ्रंटियर. तिथे सात इमारती आहेत आणि प्रत्येकीचा कायदा निराळा. बॅटल पॅलेसमध्ये हुकूम देता येत नाही, पोकेमॉन आपापल्या स्वभावाप्रमाणे चाल निवडतो. बॅटल अरीनात तीन चालींत निकाल लागला नाही तर पंच गुण देतात. बॅटल पिरॅमिडमध्ये अंधारात मजले चढायचे असतात. बॅटल फॅक्टरीत स्वतःचे पोकेमॉन नेताच येत नाहीत. उसने सहा समोर ठेवतात, त्यातले तीन निवडायचे, आणि प्रत्येक विजयानंतर हरलेल्याकडचा एक हवा तर बदलून घ्यायचा. ज्याने सगळा खेळ एकाच लाडक्या पोकेमॉनच्या जोरावर ओढून नेला, तो इथे पहिल्या सात लढायाही पार करत नाही. उलट ज्याने बॉक्समधल्या (टीमबाहेरचे जीव साठवायच्या जागेतल्या) प्रत्येकाच्या चाली नीट वाचल्या आहेत, त्याला इथे पहिल्यांदा त्या ज्ञानाचा मोबदला मिळतो.

पोस्ट-गेम जिवंत की मेलेला, याची कसोटी इथेच सापडते. तो बॉक्सची झाकणे पुन्हा उघडायला लावतो का? गोळा केलेल्या शेकडो जीवांना त्याच्याकडे काही काम आहे का? २०१२ च्या ब्लॅक २ आणि व्हाइट २ मध्ये पोकेमॉन वर्ल्ड टूर्नामेंटने जुन्या सगळ्या प्रदेशांतले जिम लीडर एका ठिकाणी आणले. पाण्याच्या जीवांचा लीडर समोर आला की वर्षभर न काढलेला विजेचा पोकेमॉन बाहेर निघतो. २०१४ च्या ओमेगा रूबी आणि अल्फा सफायरमध्ये मात्र फ्रंटियरऐवजी बॅटल मेझन आहे, आणि आत फ्रंटियरचे नुसते मॉडेल मांडून ठेवलेले दिसते. मूळ एमराल्ड खेळलेल्यांना ते मॉडेल फार लागले.

शक्यतेचा खेळ

तिसऱ्या पिढीपासून, म्हणजे २००२ च्या रूबी आणि सफायरपासून, प्रत्येक पोकेमॉनला सहा जन्मजात आकडे मिळतात, प्रत्येकी ० ते ३१. एकाच जातीच्या दोन जीवांचे हे सहाही आकडे जुळणे सहसा घडत नाही, कारण शक्य जोड्या १०७ कोटींहून जास्त आहेत. वर २५ स्वभाव. मग अंडी उबवणे हा एक वेगळाच उद्योग होतो. अंडी घ्यायची, सायकलवरून एकाच रस्त्यावर येरझाऱ्या घालायच्या, पिल्लू पाहायचे, नको ते सोडून द्यायचे. बाहेरच्या माणसाला हे निरर्थक वाटते. ज्याला स्पर्धेत उतरायचे आहे त्याच्यासाठी खरा खेळ इथूनच सुरू होतो. पुढच्या आवृत्त्यांनी हे ओझे हलके केले. २०१६ पासून शंभराव्या लेव्हलच्या पोकेमॉनचे आकडे सुधारता येऊ लागले आणि २०१९ पासून स्वभावाचा परिणामही बदलता येऊ लागला. हा बदल योग्यच होता. वर्षानुवर्षे बरोबर असलेला स्टार्टर केवळ जन्माचे आकडे वाईट म्हणून बाजूला ठेवावा लागणे, हे या खेळाच्या स्वभावालाच धरून नव्हते.

शायनी, म्हणजे वेगळ्या रंगाचा पोकेमॉन, गोल्ड आणि सिल्व्हरपासून आला. तेव्हा शक्यता ८,१९२ मध्ये एक होती. २०१३ च्या एक्स आणि वायपासून ४,०९६ मध्ये एक. इथे नवखे हमखास फसतात. ४,०९६ वेळा भेट झाली म्हणजे शायनी मिळालाच पाहिजे असे नाही; तोवर तो मिळालेला असण्याची शक्यता साधारण ६३ टक्केच असते. नव्वद टक्क्यांची खात्री हवी तर सुमारे ९,४३० भेटी लागतात. रंगाखेरीज त्या जीवात काडीचाही फरक नसतो, लढाईत तो जास्त बलवान नसतो. तरीही लोक त्याच्यामागे रात्री जागवतात, कारण तो विकत किंवा मागून मिळण्यापेक्षा स्वतःला सापडणे यातच त्याची किंमत आहे.

दुसरी फेरी

जपानमध्ये १९८७ साली फॅमिकॉनवर आलेल्या मेगामी टेन्सेईपासून चालत आलेल्या परंपरेत जीव पकडत नाहीत, त्यांच्याशी बोलणी करून त्यांना आपल्याकडे वळवतात. आणि दोन जीवांचा संयोग करून तिसरा घडवतात. मूळचे दोघे त्यात नाहीसे होतात. या घराण्यातल्या शिन मेगामी टेन्सेई मालिकेत शेवट अनेक असतात आणि ते खेळाडूच्या निर्णयांवर ठरतात. म्हणून तिथे दुसरी फेरी ही कथेचीच गरज असते. त्याच घराण्यातल्या पर्सोना ५ मध्ये न्यू गेम प्लस, म्हणजे आधीच्या फेरीतली कमाई बरोबर घेऊन नवी फेरी, घेतल्यावर घडवलेल्या जीवांची नोंदवही पुढच्या फेरीत बरोबर येते, पैसे मोजून त्यांना परत बोलावता येते. डिजिमॉन स्टोरी सायबर स्लूथमध्येही डिजिमॉन पुढच्या फेरीत येतात. कॅसेट बीस्ट्स या २०२३ च्या खेळात कोणत्याही दोन जीवांचा मेळ घालता येतो आणि अशी रूपे १४ हजारांहून जास्त होतात.

पोकेमॉनच्या मुख्य मालिकेने न्यू गेम प्लस कधी दिलेच नाही. ती उणीव खेळाडूंनी स्वतः भरून काढली. २०१० साली रूबीवर आधारित एका वेबकॉमिकमधून नझलॉक नावाची नियमावली पसरली. प्रत्येक भागात पहिला भेटेल तोच पकडायचा आणि जो बेशुद्ध पडेल तो मेला असे समजून सोडून द्यायचा. बहुतेक जण त्यात तिसरा नियम धरतात, प्रत्येकाला नाव ठेवायचे. खेळाच्या कोडमध्ये एक अक्षरही न बदलता या नियमांनी सगळे पालटले. एरवी पहिल्या तासानंतर बॉक्समध्ये पडून राहणारा एखादा झूबॅट टीममध्ये येतो, त्याला नाव मिळते, सातव्या जिमपर्यंत तो टिकतो, आणि एका क्रिटिकल हिटने जातो तेव्हा खेळणारा खरोखर थांबून बसतो. पुढे काही स्वतंत्र स्टुडिओंनी असे नियम खेळातच घेतले. मॉन्स्टर सँक्चुअरीमध्ये मेलेला जीव परत न येण्याचा पर्याय आहे आणि जीवांच्या जागा अदलाबदल करणारा रँडमायझरही. ब्लॅक २ मध्ये अवघड पातळी होती, पण तिची चावी खेळ एकदा संपवल्यावर मिळायची. पहिल्या दिवसापासून अवघड खेळायचे तर दुसऱ्या खेळाडूकडून चावी मागून घ्यावी लागे.

२०२० पासून पोकेमॉनचा बराचसा पोस्ट-गेम वेगळे पैसे भरून घ्यायच्या विस्तारांत गेला. सोर्ड आणि शील्डला आइल ऑफ आर्मर आणि क्राउन टंड्रा, स्कार्लेट आणि व्हायोलेटला टील मास्क आणि इंडिगो डिस्क. त्यांतला मजकूर अनेकदा चांगला आहे. ठरावीक तारखांनाच मिळणाऱ्या जीवांची अडचण मात्र जुनी आहे. एमराल्डच्या कार्ट्रिजमध्ये म्यूचे एक बेट पूर्ण बनवलेले आहे, पण तिथे नेणारा नकाशा फक्त जपानी आवृत्तीसाठी वाटला गेला. बाकी जगाच्या कार्ट्रिजमध्ये ते बेट तसेच बंद राहिले.

जुना सेव्ह

पुन्हा खेळण्याच्या आड येणारी खरी गोष्ट कंटाळा ही नाही. पोकेमॉनच्या कार्ट्रिजवर सेव्ह एकच मावतो. नवा खेळ सुरू करायचा म्हणजे जुना पुसायचा. अनेक आवृत्त्यांत टायटल स्क्रीनवर वर, सिलेक्ट आणि बी एकत्र दाबले की खेळ विचारतो, सगळे पुसायचे का? तिथे बोट अडते. शेकडो तासांची टीम, लहानपणी ठेवलेली वेडीवाकडी नावे, कोणा मित्राने ट्रेडमध्ये दिलेला आणि अजून त्याचेच नाव बाळगणारा पोकेमॉन, हे सगळे त्या एका होकाराने जाते. त्यामुळे अनेकजण पुन्हा खेळण्यासाठी दुसरे कार्ट्रिज घेतात, किंवा आधी लाडके जीव दुसऱ्या खेळात ट्रेड करून ठेवतात.

त्यांना पुढे नेण्याचीही सोय आहे, पण ती एकेरी आहे. रूबी किंवा सफायरमधला पोकेमॉन डीएस या पुढच्या हातातल्या यंत्राच्या खालच्या खाचेत कार्ट्रिज लावून पॅल पार्कमार्गे डायमंड किंवा पर्लमध्ये जातो, तिथून ब्लॅक किंवा व्हाइटमध्ये, मग त्याच्यानंतरच्या थ्रीडीएसवरच्या पोकेमॉन बँक या ऑनलाइन साठवणीत आणि शेवटी २०२० पासून तशाच पोकेमॉन होममध्ये. मागे परतता येत नाही. ही साखळी थ्रीडीएसवर येऊन अडकते. त्याचे ईशॉप हे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाले. ज्यांनी बँक त्याआधी उतरवून ठेवली, त्यांनाच तिथून पुढे जाता येते. गेम बॉयच्या मूळ कार्ट्रिजवरून तर तिसऱ्या पिढीत जाण्याची वाट कधी नव्हतीच.

ती कार्ट्रिजे आता स्वतःच झिजत आहेत. गोल्ड आणि सिल्व्हरचा सेव्ह आतल्या नाण्याएवढ्या सीआर२०२५ बॅटरीवर टिकतो, आणि खेळातले घड्याळही तीच चालवते, म्हणून ती रेडच्या बॅटरीपेक्षा लवकर संपते. बॅटरी गेली की सेव्ह गेला. रूबी आणि सफायरचे तसे नाही. तिथे बॅटरी संपली तर घड्याळ थांबते, लावलेली बेरी वाढायची थांबते, पण सेव्ह शाबूत राहतो. गोल्ड-सिल्व्हर जपणारे लोक कार्ट्रिज उघडण्याआधी रीडरने सेव्हची प्रत काढून घेतात, जुन्या बॅटरीचे टाके सोडवून नवी बसवतात, प्रत परत आत लिहितात आणि यंत्र चालू करून पहिल्यांदा बॉक्स उघडून पाहतात.