कथील का करकरते: धातूंच्या ध्वनि-उत्सर्जनाची पार्श्वभूमी

नागपुरातल्या इतवारीच्या भांडेबाजारात कल्हई करणाऱ्याकडची शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली, तर कोरडी, बारीक करकर ऐकू येते. त्यात शिसे मिसळलेले असेल, तर ती मंदावते. जाबिर इब्न हय्यान याच्या नावावर चालत आलेल्या किमयेच्या ग्रंथांत या आवाजाचा उल्लेख सापडतो, मात्र त्यांतले नेमके कोणते त्याचे, हा वादाचा विषय आहे. वाकताना स्फटिकाचा एखादा पट्टा एकाएकी आरशातील प्रतिमेसारखी मांडणी घेतो, या क्रियेला ट्विनिंग म्हणतात, आणि त्या झटक्यात सुटलेली ऊर्जा लहरींच्या रूपाने पृष्ठभागापर्यंत पोहोचते; यालाच ध्वनि-उत्सर्जन म्हणतात.

कथलाचे हे रडगाणे कानाला ऐकू येते, म्हणून ते आधी लक्षात आले. इतर बहुतेक धातू ताणताना निघणारे संकेत इतके क्षीण असतात की त्यांना उपकरणांची वाट पाहावी लागली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात योजेफ कैसर यांनी 1950 साली सादर केलेल्या प्रबंधात जस्त, पोलाद, ॲल्युमिनियम, तांबे आणि शिसे यांचे असे संकेत पद्धतशीरपणे नोंदवले. एकदा विशिष्ट भार सोसलेला नमुना पुन्हा ताणला, तर पूर्वीचा कमाल भार ओलांडेपर्यंत तो जवळजवळ मूक राहतो, हे त्यांचे निरीक्षण आजही ‘कैसर परिणाम’ म्हणून ओळखले जाते.

निरीक्षण अचूक असले, तरी त्यामागचे स्पष्टीकरण टिकले नाही. धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनलेला असतो, ते शेजारचे कण आपल्या सीमांवर एकमेकांवर घासल्यामुळे आवाज होतो, असे कैसर मानत होते. अमेरिकेत ब्रॅडफर्ड स्कोफील्ड यांनी पुढे एकस्फटिकी नमुने तपासले, ज्यांत कणसीमाच नसतात, आणि तेही बोलतातच असे आढळले. मग लक्ष डिसलोकेशनच्या, म्हणजे स्फटिकातील रेषीय दोषांच्या, हालचालीकडे वळले. ही संकल्पना टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी 1934 मध्येच स्वतंत्रपणे मांडली होती. शरणबिंदूच्या, म्हणजे धातू कायमचा वाकू लागतो त्या भाराच्या, आसपास उत्सर्जन सर्वाधिक असते आणि धातू कठीण होत गेला की ओसरते, हेही तिच्या आधारे समजते, कारण दोषांचा एकमेकांत गुंता वाढला की त्यांना मोकळे सरकायला जागा उरत नाही.

सुरुवातीचे संशोधक ऐकू येणाऱ्या वारंवारितांवर काम करत, म्हणून ध्वनिरोधक खोल्यांवाचून त्यांचे चालत नसे. 1960च्या दशकात हॅरल्ड डनेगन यांनी मापन 100 किलोहर्ट्‌झच्या वर नेले, जिथे यंत्रांचा गोंगाट बराच कमी असतो. नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये शेजारी यंत्रे धडधडत असतानाही टाकीला चिकटवलेला सेन्सर तिच्या धातूचे ऐकू शकतो, तो या बदलामुळे.