पिकअप गेला म्हणजे टर्बोच गेला?

‘डिझेल गाडीचा पिकअप गेला की टर्बो गेला, अख्खा बदला’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. दरवेळी तसं नसतं. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या) जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा भाग. वेस्टगेट ही टर्बोतली छोटी झडप, ॲक्च्युएटरच्या (ती हलवणाऱ्या डबीच्या) दांडीने हलणारी. व्हॅक्यूमवर (हवा खेचून) चालणाऱ्या ॲक्च्युएटरचा आतला पडदा फाटला किंवा त्याचा पाइप चिरला, तर झडप उघडी राहते, एक्झॉस्ट टर्बाइनला (टर्बोतल्या चाकाला) वळसा घालून निघून जातो आणि बूस्ट, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, कमी होतो. टर्बो मात्र धडधाकट असू शकतो.

तपासताना इंजिन बंद आणि पूर्ण थंड हवं. आधी पाइप बघा, सगळ्यात स्वस्त दोष तोच. मग हातपंपाने ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम द्या. दांडी ओढली जाऊन तिथेच टिकली पाहिजे. हळूहळू परतली तर पडदा गळतोय. नवा ॲक्च्युएटर बसवताना दांडीची लांबी कंपनीच्या मापानेच लावा, अंदाजाने नको.