हँड-फूट-माउथ आजार: घरच्या सूचना आल्या कुठून?

हँड, फूट अँड माउथ म्हणजे लहान मुलांना ताप, तोंडात फोड आणि हातापायांवर पुरळ आणणारा विषाणूंचा आजार. त्याचं निदान झालं की डॉक्टर पॅरासिटामॉल लिहून देतात, पाणी पाजत राहा म्हणतात आणि जाता जाता विचारतात, ‘झोपेत दचकतंय का?’ पालकांना हा प्रश्न किरकोळ वाटतो. तो तसा नाही.

या आजाराचे विषाणू ज्या कुळातले, त्याचा शोध आजाराला नाव मिळण्याआधीच लागला होता. अमेरिकेत हडसन नदीकाठच्या कॉक्सॅकी गावात पोलिओसारखा लुळेपणा आलेल्या मुलांच्या विष्ठेचे नमुने गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स यांनी नवजात उंदरांना टोचले. पिल्लं लुळी पडली. १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि विषाणूला गावाचंच नाव चिकटलं. पुढे १९५७ मध्ये टोरांटोत ताप, तोंडातले फोड आणि अंगावर पुरळ अशी साथ आली, तिच्यात याच कुळातला कॉक्सॅकी ए-१६ हा विषाणू सापडला. आज वापरात असलेलं नाव रुळलं ते १९५९ च्या इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या साथीनंतर. गुरांच्या लाळ्या-खुरकूतीशी याचा काही संबंध नाही, तो विषाणूच वेगळा.

ए-१६ चा आजार बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो, त्यामुळे डॉक्टर निर्धास्त असत. त्याला तडा दिला याच आजाराच्या दुसऱ्या विषाणूने, एन्टेरोव्हायरस ७१ ने. हा १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात आढळला, १९७५ मध्ये बल्गेरियात त्याने मुलांचे बळी घेतले, पण जगाचं लक्ष गेलं ते १९९७ च्या मलेशियातल्या सारावाकमधल्या आणि १९९८ च्या तैवानमधल्या साथींमुळे. तैवानात सुमारे १ लाख २९ हजार रुग्णांची नोंद झाली, ४०५ मुलं गंभीर झाली, ७८ दगावली. विषाणू मेंदूच्या खोडावर हल्ला करत होता. डोळा लागताच मूल हातपाय झटकून दचकायचं, चालताना तोल जायचा, उलट्या थांबायच्या नाहीत, मग श्वास वाढायचा. काहींच्या फुफ्फुसांत काही तासांतच पाणी भरलं. डॉक्टरांचा तो प्रश्न इथून आला आहे. पुरळ किती आहे यावरून धोका जोखता येत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण घरात सगळ्यांची नजर फोडांवरच असते. वारंवार दचकणं, ग्लानी, तीन दिवसांपुढे टिकलेला ताप, सतत उलट्या किंवा धाप, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

चीनमध्ये २००८ च्या मोठ्या साथीनंतर संशोधनाला जोर आला आणि २०१५ च्या डिसेंबरात लशीला मंजुरी मिळाली. ती फक्त एन्टेरोव्हायरस ७१ वर चालते, कॉक्सॅकीवर नाही. विषाणू मारणारं औषध अजून नाही, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना द्यायचंच नाही.

मग घरी उरतं काय? मुख्यतः पाणी. घशातल्या फोडांमुळे गिळताना आग होते, मूल पेला ढकलून देतं आणि शरीर कोरडं पडतं. आंबट-तिखट टाळून गार दूध, गार पाणी चमच्याचमच्याने देत राहावं. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर हा डाव घरी जमत नाही असं समजावं.

सॅनिटायझरवर फार विसंबू नये. या विषाणूला स्निग्ध आवरण नसतं, म्हणून अल्कोहोल त्याच्यावर कमी पडतं. साबणाने चोळून हात धुणं बरं. फोड सुकल्यावरही तो कित्येक आठवडे शीतून बाहेर पडत राहतो, तेव्हा डायपर बदलल्यावर हात धुणं लगेच सोडू नये.

२००८ मध्ये फिनलंडमधल्या साथीनंतर मुलांची नखं गळू लागली. त्या साथीमागचा विषाणू कॉक्सॅकी ए-६ होता. याचं पुरळ कोपर, गुडघे, ढुंगणावरही पसरतं आणि कांजिण्यांचा भास होतो. २०२२ मध्ये केरळात ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून जी घबराट उडाली, तीही याच आजाराची. ताप विसरल्यावर महिन्या-दीड महिन्याने नख मुळापाशी सुटतं, खालून नवं येत असतं. ओढू नये, लोंबणारा भाग तेवढा कापावा.