परदेशी पार्टीच्या पत्रातला ‘क्वाइट’
(इंग्रजी पत्रव्यवहार आमच्याकडून करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

शिरोली-गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले, चपला आणि गूळ बाहेर पाठवणारे व्यापारी यांची इंग्रजी पत्रं आम्ही लिहून आणि तपासून देतो. पत्रात ‘क्वाइट’ (quite) दिसला की आम्ही तुम्हाला फोन करून विचारतो, तुम्हाला नक्की काय म्हणायचंय? त्यात वेळ जातो, पण या शब्दावर घाई नको असं आमचं ठाम मत आहे.

‘क्वाइट’चे अर्थ दोन: ‘बऱ्यापैकी’ आणि ‘अगदी’. कुठला घ्यायचा, हे लिहिणारा कुठला आहे यावरही ठरतं. कास्टिंगचं सँपल बघून इंग्लंडच्या पार्टीनं ‘क्वाइट गुड’ कळवलं, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘ठीक आहे’ एवढाच. तेच अमेरिकेतून आलं तर माल खरंच आवडलाय. इंग्लंडच्या ‘क्वाइट गुड’वर ऑर्डर धरून कच्चा माल उचलू नका, आधी स्पष्ट विचारा. फोनवर असाल तर कान द्या. इंग्रज माणसानं ‘क्वाइट’वरच जोर दिला, तर तो हातचं राखून बोलतोय.

पुढचा शब्दही बघायचा. चांगलं, महाग, जड हे कमी-जास्त असू शकतं. अशक्य मात्र अर्धवट नसतं. म्हणून ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे साफ अशक्य, मग पत्र कुठूनही येवो. या शब्दाचा मूळ अर्थ ‘पूर्णपणे’ असाच आहे, ‘बऱ्यापैकी’ हा नंतरचा. ‘नॉट क्वाइट रेडी’ म्हणजे तयार होत आलंय, पण अजून थोडं बाकी आहे.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘क्वाइट अ फ्यू’. ‘फ्यू’ बघून थोडेच असतील असं वाटतं, पण अर्थ ‘बरेच’ असा आहे. ‘क्वाइट अ फ्यू’ पीस खराब निघाले असं पत्र आलं, तर त्याच दिवशी लॉट तपासायला घ्या.

‘टू’ (too) या शब्दाबद्दल थोडंसं. आपल्या ‘लय मऊ’मध्ये कौतुकही बसतं आणि तक्रारही. इंग्रजीत चपलेचं चामडं ‘व्हेरी सॉफ्ट’ लिहिलं तर खूप मऊ. ‘टू सॉफ्ट’ लिहिलं तर नको इतकं मऊ, म्हणजे दोषच. लेबलवर ‘टू’ घालायचा आग्रह कृपया धरू नका.

स्पेलिंगमध्ये ‘क्वाइट’ची शेवटची दोन अक्षरं उलटी पडली (quiet) की ‘शांत’ असा अर्थ होतो, आणि संगणकाचा स्पेलचेक ही चूक बऱ्याचदा सोडून देतो.

आम्ही स्वतः लिहिताना जमेल तिथं असा शब्द काढून आकडा घालतो: ‘क्वाइट सून’ऐवजी डिलिव्हरीची तारीख, ‘क्वाइट थिक’ऐवजी जाडी मिलिमीटरमध्ये. म्हणून मजकूर देताना तारखा आणि मापं सोबत द्या. उत्तर लिहून हवं असेल तर पार्टीचा मूळ ईमेल जसाच्या तसा आणा आणि पार्टी कुठल्या देशाची आहे तेही सांगा.