मुक्तानंद, स्वामी

(१६ मे १९०८ – २ ऑक्टोबर १९८२). सिद्धयोग या नावाने कुंडलिनी-ध्यानाची (शरीरात सुप्त मानलेली शक्ती जागी करण्याच्या ध्यानाची) परंपरा अमेरिका, युरोप व ऑस्ट्रेलियात नेणारे संन्यासी. जन्म मंगळूर परिसरातला, पाळण्यातले नाव कृष्ण. कर्मभूमी ठाणे जिल्ह्यातले गणेशपुरी, आणि कीर्तीचा पसारा सातासमुद्रापलीकडे. या सगळ्यात मराठवाड्याचा वाटा तसा थोडाच, वैजापूर आणि नागद या दोन गावांपुरता. पण तो त्यांच्या आयुष्याच्या ऐन नाजूक वळणावरचा आहे, आणि चरित्र सांगताना बहुधा तोच गाळला जातो.

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी घर सोडले. हुबळीला सिद्धारूढ स्वामींच्या मठात वेदान्त शिकले, तिथेच संन्यास घेतला आणि पुढची पंचवीसेक वर्षे देशभर पायी हिंडण्यात घालवली. हिंडताना भेटलेल्या साधूंत त्यांच्या मनावर ठसले ते बहुतेक अवलियेच. वैजापूरचे हरीगिरीबाबा त्यांतलेच. अंगावर उंची कपडे, पायांत भारी जोडे, नदीकाठचे गोटे उचलून त्यांच्याशी बोलायचे आणि एकेकाची किंमत ठरवून खिशात टाकायचे. गावाने असल्या माणसाला वेडा म्हणावे आणि संध्याकाळी त्याच्याच पाया पडावे, हे आपल्याकडे नवे नाही. मुक्तानंदांचा मुक्काम त्या काळात येवल्याला असे. येवल्याहून वैजापूर जवळ असले तरी मध्ये निजामाच्या राज्याची हद्द होती.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी गणेशपुरीला त्यांचे गुरू भगवान नित्यानंद यांनी पायांतल्या पादुका देऊन त्यांना शक्तिपाताची, म्हणजे गुरूने शिष्याची कुंडलिनी जागी करण्याची, दीक्षा दिली. वैजापूर-कन्नडकडे तेव्हा निजामाचेच राज्य होते. तिथे तिरंगा लागायला अजून तेरा महिने होते. दीक्षा घेऊन मुक्तानंद चाळीसगावजवळच्या सुकी इथे साधनेला बसले आणि भलतेच होऊन बसले. बसल्या जागी शरीराला आपोआप हिसके बसत, डोळ्यांपुढे सगळे जग पेटलेले दिसे, मन ठिकाणावर राहीना. आपल्याला वेड लागले, अशीच त्यांची समजूत झाली. त्या दिवसांत धीर दिला तो वैजापूरच्या हरीगिरीबाबांनी. हे अमंगळ नव्हे, चांगल्या दिवसांची नांदी आहे, असे त्यांनी सांगितले.

तरीही सुकीला राहवेना, म्हणून ते नागदला आले. नागद हे कन्नड तालुक्यातले गाव. सरकारदरबारी मराठवाड्यात असले, तरी घाटाच्या वर नाही, पायथ्याशी आहे. पाठीशी गौताळ्याचा डोंगर आणि समोर खानदेश, त्यामुळे बाजारहाट चाळीसगावचा. इथल्या साधनेच्या कुटीत कपाटात पडलेला एक ग्रंथ त्यांच्या हाती लागला. महायोगावरचा होता. त्यांनी तो उघडला, तर नेमके तेच पान समोर आले: शक्ती जागी झाली की साधकाच्या शरीरात काय काय घडते त्याचे वर्णन. मग भीती गेली. आत्मकथनात हा प्रसंग त्यांनी स्वतःच सांगितला आहे आणि आपल्यालाही तो तेवढ्यावरच माहीत आहे, हे ध्यानात ठेवावे.

खरे तर त्यासाठी कपाट उघडायची गरज नव्हती. नागदहून दक्षिणेला पैठण आणि पैठणजवळ गोदाकाठी आपेगाव. तिथल्या ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये लिहिलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हेच सगळे आहे. कुंकवाने न्हालेले नागिणीचे पिल्लू वेटोळे घालून निजावे तशी कुंडलिनी, तिचे जागे होणे, मग तिची ती भूक. मराठवाड्यात पारायणाला बसलेली म्हातारीसुद्धा हा अध्याय वाचते. तिला त्यातला योग करायचा नसतो एवढेच. मुक्तानंद पुढे ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम यांचे दाखले सतत देत राहिले. तत्त्वज्ञान मात्र त्यांनी मुख्यतः काश्मिरी शैव ग्रंथांवर उभे केले.

नऊ वर्षांच्या साधनेनंतर, १९५६ मध्ये नित्यानंदांनी त्यांना गणेशपुरीजवळ गावदेवीच्या जागी तीन खोल्या दिल्या. आजचे गुरुदेव सिद्धपीठ त्यातूनच वाढले. नित्यानंदांनी १९६१ मध्ये देह ठेवला. १९७० साली मुक्तानंद पहिल्या परदेश दौऱ्यावर निघाले. हार्वर्डमध्ये प्राध्यापकी केलेले रामदास (मूळचे रिचर्ड अल्पर्ट) त्या दौऱ्यात त्यांच्याबरोबर होते. १९७४ ते १९७६ आणि १९७८ ते १९८१ असे आणखी दोन दौरे झाले. कॅलिफोर्नियात ओकलंडला आणि न्यूयॉर्क राज्यात साउथ फॉल्सबर्गला आश्रम उभे राहिले. भगवी विणलेली टोपी, काळा चष्मा आणि हातात मोरपिसांचा जुडगा, असे हे बाबा अमेरिकेच्या ओळखीचे झाले. ध्यानाला बसलेल्यांवर ते मोरपिसे फिरवीत आणि त्या स्पर्शाने शक्तिपात होतो अशी शिष्यांची श्रद्धा होती.

योग म्हणजे आसने, ही परदेशातली समजूत त्यांच्यामुळे थोडी तरी हलली. त्यांच्या शिबिरांत आसनांना दुय्यम जागा होती. पहाटे उठून गुरुगीतेचा (गुरुमहिमा गाणाऱ्या स्तोत्राचा) पाठ, मग ध्यान, सेवा आणि नामसंकीर्तन, असा दिनक्रम असे. नामाचे सप्ताह तर थेट आपल्या गावाकडचे. वीणेकऱ्याने पहाऱ्याला उभे राहावे, दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घातल्याशिवाय हलू नये, वीणा काही झाले तरी जमिनीला लागू द्यायची नाही, ही शिस्त मराठवाड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. आश्रमातल्या सप्ताहात पेटी-मृदंगावर एका बाजूने म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूने झेलायचे, अशी रीत असे. पण नाम अखंड चालले पाहिजे हा आग्रह तोच. काल्याच्या पंगतीची मजा तिकडे किती पोचली असेल, हा भाग वेगळा.

त्यांच्या निधनानंतर १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका नियतकालिकाने आश्रमातल्या माजी शिष्यांच्या मुलाखती छापल्या. ब्रह्मचर्याचा उपदेश करणाऱ्या स्वामींनी उतारवयात आश्रमातल्या तरुण मुलींशी लैंगिक संबंध ठेवले, असे आरोप त्यात होते. १९९४ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ने हा विषय पुन्हा सविस्तर मांडला. भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांत याची दखल सापडत नाही. ती न घेता मुक्तानंदांवर लिहिणे म्हणजे अर्धेच लिहिणे होय.

त्यांची समाधी गणेशपुरीच्या आश्रमात आहे. मालती शेट्टी (स्वामी चिद्विलासानंद, शिष्यांच्या गुरुमाई) आणि मालतींचे बंधू सुभाष (स्वामी नित्यानंद; नाव मुक्तानंदांच्या गुरूंचेच, माणूस वेगळा) या दोघांना मुक्तानंदांनी उत्तराधिकारी नेमले होते. १९८५ मध्ये बंधू पायउतार झाले आणि परंपरेची सूत्रे एकट्या गुरुमाईंकडे आली.