आधी खडक ओळखा, मग बंधारा बांधा

तापीच्या उत्तरेला रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोअर मारताना शंभर-दीडशे मीटर खाली गेलं तरी ठिकठिकाणी अखंड खडक लागत नाही. माती, चिकणमाती, वाळू, गोटे, पुन्हा चिकणमाती असंच निघत राहतं. नदीच्या दक्षिणेला, साक्री-शिंदखेड्याच्या बहुतेक गावांत, चार-पाच फुटांवर मुरूम लागतो आणि त्याखाली थोड्याच अंतरावर काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. दोन्हीकडच्या मोठ्या भागात पाऊस ५०० ते ७०० मिलिमीटरच्या घरातला. उन्हाळ्यात पारा दोन्हीकडे ४४-४५ च्या पुढे जातो. तरीही दुष्काळ दोन्हीकडे सारखा येत नाही, आणि त्याला तोंड द्यायची तयारीही सारखी असू शकत नाही. खानदेशातली जलसंधारणाची कितीतरी कामं वाया गेली, कारण आराखडा एकीकडचा आणि जमीन दुसरीकडची.

फरक कळायला एक आकडा पुरतो. जमिनीखालचा एक घनमीटर थर पूर्ण भिजलेला असेल, तर त्यातून उपशाला किती पाणी सुटतं? झिजलेल्या बसाल्टमधून, म्हणजे मुरूम आणि मांजऱ्या खडकातून, साधारण २ टक्के, म्हणजे २० लिटर. वाळू-गोट्यांच्या गाळथरातून १० ते १६ टक्के, म्हणजे १०० ते १६० लिटर.

आता ६०० मिलिमीटर पाऊस धरा. बसाल्टात त्यातला ७ ते १३ टक्के मुरतो. १० टक्के धरले तर ६० मिलिमीटर. एवढ्याशा पाण्यानं विहिरीची पातळी ३ मीटर वर येते. म्हणून दक्षिणेकडची विहीर बऱ्या पावसाळ्यात ऑगस्टअखेर तुडुंब दिसते आणि शेतकरी निर्धास्त होतो. पण तीच विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते, कारण खडकाच्या पोटात जागाच थोडी. इथला दुष्काळ एका वर्षात येतो आणि एका चांगल्या पावसात निघूनही जातो.

उत्तरेकडच्या गाळाच्या पट्ट्यात २० टक्क्यांच्या आसपास पाणी मुरतं, म्हणजे १२० मिलिमीटर, पण पातळी वर येते जेमतेम एक मीटर. उपसा मुरणाऱ्या पाण्याच्या दीडपट असेल, तर पातळी वर्षाला अर्धा मीटर खाली सरकते. एका वर्षी ते कुणाच्या लक्षात येत नाही. वीस वर्षांत दहा मीटर जातात. मग पंपाचा अश्वशक्तीचा आकडा वाढतो, बोअरची खोली वाढते, वीजबिल वाढतं. इथला दुष्काळ पावसाच्या नोंदीत दिसत नाही आणि एका अतिवृष्टीनं हटतही नाही. भूजलाच्या अतिवापराच्या यादीत रावेर आणि यावल ही नावं वर्षानुवर्षं येत राहिली, ती याच कारणानं.

कोरडवाहू बसाल्टी गावानं पाणी वर्षभर पुरवायला शिकायचं आहे. गाळाच्या पट्ट्यातल्या गावाला मागच्या पिढीपासूनचा खड्डा भरून काढायचा आहे. या दोन कामांची सरमिसळ होता कामा नये.

गाळाच्या पट्ट्यात पाणी खाली कसं न्यायचं

सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि जाड्या वाळूचा एक पट्टा आहे. भूगर्भतज्ज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या या पट्ट्यात आल्या की त्यांचं पाणी झपाट्यानं जिरतं. पाणी जिरवायला याहून चांगली जागा खानदेशात नाही. पाझर तलाव, नाल्यातले बंधारे इथे मनापासून चालतात. तापीच्या पुराचं पाणी कालव्यांनी याच पट्ट्यात सोडून जिरवायच्या महापुनर्भरण योजनेमागचं तर्कशास्त्रही हेच आहे. तिच्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात मे २०२५ मध्ये करार झाला. योजना केव्हा पुरी होईल ते होवो, गावपातळीवरचं काम तिच्यासाठी अडून राहायचं कारण नाही.

बझाड्यातून खाली तापीकडे आलं की चित्र बदलतं. वर पिवळ्या चिकणमातीचे जाड थर, वाळू त्यांच्याखाली. अशा जागी शेततळं खोदलं तर पाणी साठतं, दिसतंही छान, पण खाली काही जात नाही. मे महिन्यात खुल्या पाण्यातून रोज १० मिलिमीटर आणि त्याहून जास्त बाष्पीभवन होतं. फेब्रुवारी ते मे या काळात सुमारे मीटरभर पाणी उन्हानंच उडतं. जिरवण्यासाठी बांधलेल्या तलावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाणी दिसलं तर लोक खूश होतात, पण ते काम फसल्याची खूण आहे. चांगला पाझर तलाव जानेवारी-फेब्रुवारीत कोरडा पडायला हवा.

चिकणमातीच्या जागी उपाय म्हणजे तिचा थर भेदून वाळूपर्यंत जाणारा पुनर्भरण शाफ्ट, किंवा आटलेली जुनी विहीर. दोन्हींचा शत्रू एकच: गाळ. पावसाचं गढूळ पाणी थेट सोडलं, तर वाळूच्या थराची तोंडं एक-दोन पावसाळ्यांत बुजतात आणि मग ती उघडायला उपाय नसतो. म्हणून गाळणीवर काटकसर करू नये.

विहीर पुनर्भरणाची गाळणी

शेतातल्या ओहळाचं पाणी विहिरीत घ्यायचं असेल तर विहिरीपासून पाच-सहा मीटर अंतरावर एकामागे एक दोन खड्डे घ्यावेत. पहिला साधारण दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. यात फक्त गाळ बसतो. त्याच्या वरच्या काठाजवळच्या पाइपातून पाणी दुसऱ्या खड्ड्यात येतं. तो दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दीड मीटर खोल. तळाला ३० सेंटिमीटर मोठे दगड, त्यावर ३० सेंटिमीटर खडी, त्यावर ३० सेंटिमीटर धुतलेली जाडी वाळू. दगडांच्या थरात चार इंची पीव्हीसी पाइप आडवा टाकायचा. खड्ड्यातल्या भागाला भोकं पाडून त्यावर नायलॉनची जाळी गुंडाळायची. हा पाइप विहिरीत नेताना बांधकामापासून फूट-दीड फूट आत काढावा. तो भिंतीशी कापला तर पाणी भिंतीवरून ओघळतं, दरजा धुऊन निघतात आणि दोन-तीन वर्षांत काठ ढासळतो. ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि ती अर्ध्या मीटर पाइपाच्या पैशांसाठी होते.

पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर वळवावं. त्यात शेणखत, पालापाचोळा, फवारणीचे अंश सगळं असतं. गोठ्याकडून, उकिरड्याकडून किंवा डांबरी रस्त्यावरून येणारं पाणी घ्यायचंच नाही. पिण्याच्या विहिरीत शेतातलं पाणी कितीही गाळून सोडू नये. तिच्यासाठी छपराचं पाणी घ्यावं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची ती ३३ टक्के क्लोरीनची असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, आणि निदान अर्धा तास थांबून मगच वापर. पोतं उघडून वर्षभर दमट खोलीत पडलेल्या टीसीएलमध्ये क्लोरीन उरलेलं नसतं, म्हणून ओटी टेस्टमध्ये, म्हणजे क्लोरीन तपासायच्या चाचणीत, पाणी पिवळं होतं का ते बघावं.

दरवर्षी मृगाच्या आधी वरची पाच-दहा सेंटिमीटर वाळू खरवडून बदलायची आणि पहिला खड्डा उपसायचा. हे केलं नाही तर तिसऱ्या वर्षी पाणी गाळणीवरून वाहून बांधाला जातं.

बसाल्टात नुसतं खोदून भागत नाही

दक्षिणेकडे, आणि नंदुरबार-धुळ्याच्या भागात खास करून, खडकात आणखी एक गंमत आहे. लाव्हाच्या आडव्या थरांना छेदून उभ्या शिरलेल्या खडकाच्या भिंती इथे दाटीनं आहेत. त्यांना डाइक म्हणतात. बहुतेक पूर्व-पश्चिम पसरलेल्या, काही कित्येक किलोमीटर लांब. माळावर काळ्या दगडांची सरळ रेघ उभी दिसते ती हीच. भिंत अखंड असेल तर ती जमिनीखालचा बंधारा होते: चढाच्या अंगाच्या विहिरीला पाणी, आणि शंभर पावलांवर पलीकडची विहीर कोरडी. तिच्यात भेगा असतील तर तीच पाणी दूर वाहून नेते. अशा ठिकाणी बंधारा भिंतीच्या कोणत्या बाजूला घालायचा यावर सगळं ठरतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून जागा तपासून घेतली तर हे कळतं, पण गावातल्या सगळ्या विहिरींची पातळी एकाच दिवशी मोजून नकाशावर मांडली तरी बराच उलगडा होतो. शेजारशेजारच्या विहिरींत चार-पाच मीटरचा फरक सलग एका रेषेत दिसला, की मध्ये काहीतरी आडवं आहे.

नाला खोलीकरणाबद्दल इथे बोलायला हवं. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करून बंधाऱ्यांची मालिका बांधली गेली. तो 'शिरपूर पॅटर्न' राज्यभर गाजला. त्याच्या बाजूनं आणि विरोधात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आमचं मत सरळ आहे. वर मातीचा किंवा चिकणमातीचा थर आणि खाली पाणी घेणारा थर असेल, तर खोलीकरणाला अर्थ आहे. मुरमाचा थर उघडा पडेल इतकंच खोदलं पाहिजे. काळ्या पाषाणापर्यंत गेलं की नाला पाणी मुरवणारा न राहता टाकी होतो. आणि नाला विहिरींच्या पातळीखाली गेला तर आसपासच्या विहिरींचं पाणी उलट नाल्यात उतरतं. गावानं पाणी जिरवण्याऐवजी उघड्यावर वाळत घातलं असं होतं. जेसीबी तासावर मिळतो म्हणून खोदत राहणं हा काही भूशास्त्राचा नियम नाही.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचं हे आता सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा समतल चराबद्दल फार सांगत नाही. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल चर एका मीटरला १८० लिटर पाणी धरतो. समपातळी चुकली की ते पाणी एका कोपऱ्यात जमून बांध फोडतं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं माथ्यावरचं जंगल राखून हेच काम जास्त टिकाऊ केलं. कुऱ्हाडबंदी आणि दंडाचे नियम गावानंच ठरवले आणि पाळले. तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

जमाखर्च

एवढं सगळं करूनही गावं पुन्हा टँकरवर येतात, कारण जमा वाढली की खर्च तिच्यापेक्षा जोरात वाढतो. म्हणून हिशेब मांडावाच लागतो, आणि तो सातवी शिकलेल्यालाही जमतो. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला म्हणजे १० घनमीटर, दहा हजार लिटर.

बसाल्टातलं १००० हेक्टरचं शिवार घ्या. ६०० मिलिमीटर पावसाचं पाणी ६० लाख घनमीटर. १० टक्के मुरलं, म्हणजे ६ लाख. लोकसंख्या २०००, माणशी रोज ५५ लिटर: वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर. हजार गुरं, रोज ५० लिटर: १८ हजार. दोन्ही मिळून मुरलेल्या पाण्याच्या दहावा हिस्साही नाही. पिण्याचं पाणी संपतं ते पिण्यामुळे नाही.

उरले ५ लाख ४० हजार. त्यातलं काही नाल्यांवाटे शिवाराबाहेर झिरपतं, ते तूर्त सोडून देऊ. गव्हाला एकरी ४० सेंटिमीटर पाणी, म्हणजे १६०० घनमीटर. सगळ्यांनी गहू केला तर जास्तीत जास्त ३४० एकर भिजतील, अडीच हजार एकरांच्या शिवारात. हरभऱ्याला सात-सात सेंटिमीटरच्या दोन पाळ्या, म्हणजे एकरी ५७० घनमीटर: साडेनऊशे एकर निघतात. ठिबकवरच्या केळीला, दीड बाय दीड मीटर लागवडीत एकरी पावणेअठराशे झाडं, सरासरी १२ लिटर रोज आणि २७० दिवस धरले, तर एकरी पावणेसहा हजार घनमीटर. म्हणजे ९०-९५ एकर केळी आणि शिवारात दुसरं काही नाही. दादर, म्हणजे इकडची रब्बी ज्वारी, मात्र भारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. विहिरीच्या खात्यातून ती जवळपास काही घेत नाही, वर गुरांना कडबा देते. दुष्काळी वर्षात जनावरं विकायची वेळ येते ती आधी वैरणीपायी, म्हणून दादरीचा पेरा टिकवणं हा पाण्याच्या हिशेबाचाच भाग आहे.

ठिबकबद्दल एक भ्रम आहे. ठिबकनं एकरी पाणी वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर शेजारचा कोरडा तुकडा भिजवला की गावाच्या खात्यात काहीच वाचत नाही. क्षेत्राला मर्यादा घातल्याशिवाय ठिबक म्हणजे जास्त केळी, एवढंच.

मोजणीसाठी लागतं ते फारसं नाही: एक पर्जन्यमापक, आणि वजन बांधलेला टेप. गावात वेगवेगळ्या उंचीवरच्या आठ-दहा विहिरी निवडायच्या. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत, पंप सुरू होण्याआधी, सकाळी पातळी मोजायची. मोजायचं ते नेहमी काठावरच्या एकाच रंगवलेल्या खुणेपासून. रात्री लाइट असेल आणि पंप चालू राहिले असतील, तर ती मोजणी खोटी.

खर्चाला लगाम घालणं हे खरं अवघड काम, आणि त्याचा जुना नमुना खानदेशातच आहे. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालचं शिवार फडांत वाटलेलं असे. एका फडात एकच पीक. पाणी शेतकऱ्यानं स्वतः घ्यायचं नाही, पाटकरी देणार. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी, त्यामुळे पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला तरी एकट्याचंच नुकसान होत नसे. वर धरणं झाली, घरोघरी विहिरी आणि मोटारी आल्या, तशी ही शिस्त बहुतेक ठिकाणी सुटली. विहीर खाजगी असते, पण तिच्यातलं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतूनच आलेलं असतं. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विंधण घेऊ नये, असा नियम महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात आहेच. तो पाळला जातो का, हे रात्री चालणाऱ्या बोअरगाडीचा आवाज ऐकणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

ताळेबंदाची ग्रामसभा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावी. पाऊस ओसरलेला असतो, पातळ्या हातात असतात, रब्बीचं बियाणं अजून दुकानात असतं. तिथे गहू किती, हरभरा किती, नवी केळी किती हे एकरांत ठरवून फलकावर लिहावं आणि पिण्याच्या विहिरीभोवतीचा उपसा फेब्रुवारीनंतर बंद राहील हेही त्याच दिवशी ठरावात घ्यावं. दिवाळीनंतर घेतलेल्या सभेचा उपयोग होत नाही, कारण तोवर गव्हाला पहिलं पाणी देऊन झालेलं असतं.